पाऊस हा डेकवाल्यांचा प्रॉब्लेम

चीफ सकाळी उठले की पहिली चौकशी फ्रिजची करायचे. फ्रिजच्या कुशीला कान लावायचे, डोळे मिटायचे आणि समाधान झालं की त्याला हलकेच थोपटायचे. मग वॉशिंग मशीन, मग गीझर, मग हॉलमधला पंखा. ही फेरी आटोपली की माणसांचा नंबर लागायचा. त्यात आधी काकू आणि सगळ्यात शेवटी मी, कारण मी पडले भाडेकरू.

"काय फोर्थ, सगळं नॉर्मल?" असं ते मला विचारायचे. मी "नॉर्मल, चीफ" म्हटलं की चहा मिळायचा.

चीफ म्हणजे मालवाहू बोटीवरचे निवृत्त चीफ इंजिनियर. उभी हयात इंजिनरूममध्ये गेली आणि शेवटी सिंगापूरला चोआ चू कांगमधल्या एका एचडीबी, म्हणजे सरकारी वसाहतीतल्या फ्लॅटमध्ये नांगर पडला. त्यांना काकू सोडून सगळे चीफच म्हणायचे, अगदी खालच्या कॉफीवाल्यासकट. आणि फोर्थ म्हणजे फोर्थ इंजिनियर, बोटीवरच्या इंजिनियरांमधली शेवटची पायरी. मी पुण्याची सॉफ्टवेअर इंजिनियर आहे असं पहिल्या दिवशी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तर त्यांनी माझे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले.

"तेलाचा डाग नाही कुठे. मग इंजिनियर कसली गं तू? चल, फोर्थ म्हणून घेतो तुला, आधी शिक."

माझं ऑफिस चांगी बिझनेस पार्कला, म्हणजे बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसून बसून माझी पाठ धरायची. मैत्रिणी म्हणायच्या, वेडी आहेस का, तिकडेच कुठेतरी खोली बघ. पण काकूंच्या हातची आमटी तिकडे मिळत नव्हती. आणि खरं सांगायचं तर चीफही मिळत नव्हते.

त्यांच्या कानांबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. लिफ्ट आमच्या मजल्यावर यायच्या आत ते सांगायचे की आज तिचं दार अडकणार, आणि दार अडकायचं. शेजारच्या मलय कुटुंबाचा मिक्सर बिघडायच्या आदल्या दिवशी ते त्यांना सावध करून आले होते. एकदा आम्ही जेवत होतो. वर कुठेतरी धप्प धप्प सुरू झालं. मला वाटलं, कुणाचा पोरगा उड्या मारतोय. चीफनी घास हातातच धरला आणि म्हणाले, "वरच्या आँटीनं ट्रेडमिल घेतली. पट्टा उजवीकडे सरकलाय." आणि उष्ट्या हातानं जिना चढून गेले! मागोमाग मी.

आँटी दार उघडून बघतच राहिल्या. "अय्यो अंकल, हाउ यू नो? डिलिव्हरी जस्ट नाउ ओन्ली लाह!"

चीफनी पट्टा सरळ केला, कान लावला, थोपटलं आणि खाली येऊन गार झालेला भात खाल्ला. काकूंनी पुन्हा वाढला नाही, कारण असल्या प्रसंगांना त्या विटल्या होत्या.

जग फिरलेल्या माणसाकडे गप्पांचा खजिना असणार, असं आपल्याला वाटतं. मीही पहिल्याच आठवड्यात उत्साहानं विचारलं होतं, "चीफ, मार्से कसं आहे हो?"

"मार्से? मार्से म्हणजे पिस्टन. दोन युनिट उघडली होती तिथे."

"आणि जेनोआ?"

"टर्बोचार्जर."

"नेपल्स?"

"बॉयलरची ट्यूब फुटली. बेकार गाव."

"अहो, पण समुद्र तरी? भूमध्य समुद्र कसा आहे?"

इथे मात्र त्यांचा चेहरा खुलला. "समुद्र फार छान! पाणी गार. इंजिन थंड ठेवायला त्याच्यासारखा समुद्र नाही."

म्हणजे बोट बंदराला लागली की डेकवरची मंडळी नटूनथटून गाव बघायला जायची, आणि इंजिनवाल्यांना उलट तेव्हाच मरणाचं काम, कारण मशीन बंद असतानाच ती उघडता येते. तीच गोष्ट हवेची. वादळ असो, ऊन असो, खाली इंजिनरूममध्ये सदा एकच ऋतू, तो म्हणजे उकाडा. आमच्याकडे धो धो पाऊस लागला, खिडक्या लावायला आम्ही धावलो, की चीफ सोफ्यावरून न हलता म्हणायचे, "पाऊस हा डेकवाल्यांचा प्रॉब्लेम." त्यातून माणूस मूळचा सोलापूरचा. पावसाशी त्यांची ओळखच बेताची.

काकू मात्र गुहागरच्या. लग्नानंतर एकदाच त्या चीफबरोबर बोटीवर गेल्या होत्या. याच भूमध्य समुद्रातली सफर. पाहिलं काय, तर केबिनच्या गोल खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन. "प्रत्येक बंदरात वेगळ्या रंगाची क्रेन होती हो," त्या मला सांगायच्या. "एवढीच काय ती युरोपची विविधता." चीफ रात्री वर यायचे ते काळेकुट्ट होऊन, आणि जेवता जेवता झोपायचे. सफर संपल्यावर काकूंनी बोटीला कोपरापासून नमस्कार केला तो केलाच.

आता त्यांचं एकच मागणं होतं, की गुहागरला जाऊ. तिथे त्यांनी कधीकाळी घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर दोन खोल्यांचं कौलारू घर होतं. चीफना ते नको होतं. दर रविवारी बस पकडून ते वेस्ट कोस्टला जायचे आणि समुद्रात नांगरलेल्या बोटींकडे बघत बसायचे. नुसत्या धुरावरून सांगायचे, ह्याचं इंजिन दमलंय, त्याचा चीफ आळशी आहे. हे सोडून जायचं?

"गुहागरला मी ऐकू काय?" ते ओरडायचे. "नारळ पडलेला?"

"नारळ पडलेला ऐका, नाहीतर माझं ऐका. दोन्ही कधी ऐकलं नाहीत," काकू म्हणायच्या. हा संवाद आमच्याकडे इतका नित्याचा होता, की मी त्यावर घड्याळ लावायचे.

भडका उडाला तो पुलाउ उबीनला. मी हट्टानं दोघांना त्या बेटावर सहलीला नेलं होतं. छान जुनी लाकडी घरं, सायकली, झाडी. जाताना आमच्या मोटरबोटीचं इंजिन जरा खोकत होतं. झालं! आम्ही सायकली घेऊन बेट पालथं घालून आलो, तर चीफ धक्क्यावरच. त्या बोटवाल्याच्या इंजिनावर ओणवे, आणि बोटवाला रडकुंडीला येऊन ओरडतोय, "अंकल, डोन्ट टच लाह! इंजिन ओके वन!"

परतीच्या बोटीत काकू एकदम म्हणाल्या, "तळहाताएवढं बेट. तेसुद्धा बघवलं नाही तुम्हाला."

"मनात आणलं तर मी आख्खा भूमध्य समुद्र फिरवून दाखवीन," चीफ म्हणाले. हातभर ग्रीस होतं, पण ताठा बघावा.

"दाखवाच. माझी पैज आहे."

आणि पैज तिथेच, त्या खोकणाऱ्या बोटीत ठरली. भूमध्य समुद्राची क्रूझ करायची. बोट जिथे जिथे थांबेल तिथे तिथे चीफनी काकूंबरोबर उतरायचं, गाव बघायचं. मशीनला कान लावायचा नाही. एकूण एक बंदर दाखवलं, तर काकू गुहागरचं नाव पुन्हा काढणार नाहीत, जन्मभर सिंगापूर. एक जरी बंदर हुकलं, तर गाशा गुंडाळायचा आणि गुहागर गाठायचं. अंपायर म्हणून मी. माझी रजा तशीही वाया चालली होती, आणि खोली राहणार की जाणार हे माझंही त्यावरच ठरणार होतं. तेव्हा अंपायर निःपक्षपाती नव्हती हे मी आधीच सांगून टाकते. चीफ जिंकावेत असं मला मनापासून वाटत होतं.

स्वस्त पडतं म्हणून चीफनी नोव्हेंबर निवडला. बार्सिलोनाला बोटीत चढलो तेव्हाच भुरभुर लागली होती. मार्सेला पोचलो तर आभाळ फाटलेलं. सहली रद्द झाल्याची घोषणा झाली, सगळे प्रवासी लाउंजमध्ये कॉफी पीत बसले. काकूंनी शाल गुंडाळली आणि लोण्यासारख्या आवाजात म्हणाल्या, "केवढा हा पाऊस! माझे गुडघेही दुखताहेत. राहू दे आज, नाही का?"

सापळा! मी डोळ्यांनी खुणावायच्या आत चीफ ताडकन उठले. "पाऊस हा डेकवाल्यांचा प्रॉब्लेम! रेनकोट घाल!" आणि स्वतः केबिनमध्ये जाऊन आले ते त्यांचा जुना नारिंगी बॉयलर सूट चढवून. मी कपाळावर हात मारला.

तो सूट बघून धक्क्यावरच्या प्रवाशांना वाटलं, हा इथलाच माणूस. एका जपानी जोडप्यानं त्यांना रस्ता विचारला. चीफनी मोठ्या खात्रीनं बोट दाखवलं. ते दोघं, त्यांच्यामागून आणखी चारदोन छत्र्या, सगळी वरात बोटींच्या दुरुस्तीच्या गोदीकडे निघाली. "तिथली क्रेन बघण्यासारखी आहे," चीफनी मला समजावलं.

मग आम्ही बंदराच्या फाटकापाशी आलो, आणि चीफ थबकले. पावसात तसेच उभे. पुढे हमरस्ता, ट्राम, दुकानं, माणसं.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"इथपर्यंत मला ठाऊक आहे," ते जरा ओशाळून म्हणाले. "याच्या पुढे कधी आलो नाही."

काकूंनी एक क्षण त्यांच्याकडे बघितलं. कोपरखळी मारायला याहून चांगली संधी नव्हती, पण त्यांनी मारली नाही. "बरं, मग इथून पुढे माझी ड्यूटी," म्हणाल्या आणि छत्री उघडून चालू लागल्या. चीफ त्यांच्यामागून, नव्या शाळेत निघालेल्या मुलासारखे.

जेनोआलाही पाऊस. एका चर्चमध्ये शिरलो, वर छत सोन्यानं मढवलेलं. चीफची नजर ऑर्गनवर. हळूहळू सरकत सरकत ते त्याच्या लाकडी पेटीला कान लावणार, एवढ्यात मी चर्चमध्ये शीळ वाजवली. पाद्र्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी अजूनही त्या गावाचं नाव निघालं की खाली बघते. काकूंचं म्हणणं, पैज हरलात. चीफचं म्हणणं, कान टेकला नव्हता, मध्ये हवा होती. मी हवेच्या बाजूनं निकाल दिला.

नेपल्सला ढगांमुळे ज्वालामुखी दिसलाच नाही. "तो चालू आहे का बंद?" चीफनी टॅक्सीवाल्याला विचारलं. त्यानं दोन्ही हात हलवून काहीतरी सांगितलं. "म्हणजे स्टँडबायवर आहे," चीफनी आम्हाला भाषांतर करून दिलं आणि त्या दिशेला जरा आदरानं बघितलं. एकूण त्यांना मजा येऊ लागली होती. काकू पुढे, ते मागे, दोघं एकच पिझ्झा वाटून खाताहेत, बॉयलर सुटावर टोमॅटोचे डाग. पैज ते जिंकत चालले होते. काकूंचा उपहास रोज थोडा कमी व्हायचा आणि गप्प बसणं थोडं वाढायचं.

मग पालेर्मो. बाजार बघून परतताना पाऊस इतका कोसळला, की आम्ही एका गल्लीत शिरून एका बुटक्या घराच्या वळचणीला उभे राहिलो. वर कौलं होती. पुण्यात इमारतीत वाढलेल्या माझ्यासारखीला कौलं काय आणि पत्रा काय. पण काकूंनी छत्री मिटली, डोळे मिटले आणि मान वर केली. पागोळ्या त्यांच्या पायांवर पडत होत्या. फ्रिजला कान लावताना चीफ जसे दिसायचे, अगदी तशाच दिसत होत्या त्या.

"किती वर्षांनी ऐकला कौलांवरचा पाऊस," त्या म्हणाल्या. कुणाला उद्देशून म्हणाल्या नाहीत. "आपल्या फ्लॅटमध्ये पाऊस नुसता दिसतो. ऐकू कुठे येतो?"

चीफनीही मान वर केली. मग काकूंकडे बघितलं, पुन्हा कौलांकडे, पुन्हा काकूंकडे. पाऊस ओसरला तेव्हा मी म्हटलं, "चला," तर म्हणाले, "थांब फोर्थ. तिचं ऐकून व्हायचंय."

आता राहिलं एकच बंदर, व्हॅलेन्सिया. सकाळी बोट धक्क्याला लागली, पाऊस होताच. काकू पर्स घेऊन तयार, मी तयार, आणि चीफचा पत्ता नाही. शोधत शोधत गेले, तर सगळ्यात वरच्या मजल्यावर एका भिंतीला काचेचा ग्लास लावून, ग्लासाला कान लावून उभे.

"चीफ! पैज!"

"श्श! प्रोपेलरच्या शाफ्टला ठोका आहे. ऐक. धप्प, धप्प. बोट धोक्यात आहे फोर्थ, मी हलू शकत नाही."

मी हात जोडले, दटावलं, राहत्या खोलीची शपथ घातली. माणूस भिंतीला चिकटला तो चिकटला. खाली काकू वाट बघत होत्या. त्यांना सांगितलं तर चकित झाल्यासारख्या दिसल्या, मग म्हणाल्या, "ठोका आहे म्हणाले? कुठल्या मजल्यावर?" मी मजला सांगितला. त्यांनी छत्री उचलली. "चल, आपण दोघी जाऊ," म्हणाल्या.

आम्ही भिजत व्हॅलेन्सिया बघितलं, संत्री खाल्ली. परत आलो तर चीफ तिथेच. भिंतीपलीकडे काय आहे ते बघावं म्हणून मी वळसा घालून गेले, तर बोटीची व्यायामशाळा! एक अगडबंब जर्मन गृहस्थ ट्रेडमिलवर धावत होते.

"ट्रेडमिल आहे चीफ, ट्रेडमिल!" मी जवळजवळ रडत ओरडले.

"अरेच्चा," चीफ म्हणाले. "कान गेले वाटतं माझे." आणि तोंड पाडून केबिनमध्ये गेले. रात्री गोड खाल्लं नाही. मला निकाल द्यावा लागला. काकू जिंकल्या.

सिंगापूरला परतल्यावर फ्लॅट विकायला काढला, आणि बांधाबांध सुरू झाली. मी चिडलेलीच होते. कुकर वर्तमानपत्रात गुंडाळता गुंडाळता काकूंना म्हणत होते, "एका फालतू ट्रेडमिलपायी घर गेलं बघा!" तेवढ्यात वर सुरू झालं. धप्प, धप्प. वरची आँटी.

माझे हात थांबले. उष्ट्या हातानं जिना चढलेला माणूस मला आठवला. आँटीनं घेतलेल्या ट्रेडमिलचा पट्टा उजवीकडे सरकलाय हे ज्याला घास हातात धरून कळतं, त्याला ती बोटीवर ओळखू येऊ नये? आणि धक्क्याला बांधलेल्या बोटीचा शाफ्ट फिरतच नाही, हे मला सॉफ्टवेअरवालीलाही कळायला हवं होतं! माणसानं आम्हाला चक्क शेंडी लावली होती. 'चल, जाऊ गुहागरला' असं सरळ म्हणणं जमलं नसतं, म्हणून मुद्दाम हरला होता.

"काकू!" मी म्हटलं.

"हळू बोल," काकू म्हणाल्या. त्या पाटा पोत्यात घालत होत्या. "मला तिथेच कळलं. शाफ्ट काय वरच्या मजल्यावर असतो? त्यांना सांगू नकोस हो. एवढ्या हौसेनं हरलेत." आणि पदरानं डोळे टिपले.

म्हणजे आंधळी होती ती एकटी अंपायर.

जुलैमध्ये ऑफिसच्या पँट्रीत असताना फोन आला. पलीकडे असा गदारोळ, की मला वाटलं इंजिनरूममधूनच बोलताहेत.

"फोर्थ! ऐकू येतंय का?"

"काय हो ते?"

"कौलं! आमची कौलं! पश्चिमेकडची जड वाजतात, पूर्वेकडची हलकी. स्वयंपाकघरावरचं एक फुटलंय, त्याचा सूर वेगळा. उद्या बदलतो."

मागून काकूंचा आवाज आला, "अहो, आधी बादली सरकवा! गळतंय!"

"पाऊस हा डेकवाल्यांचा..." चीफ सवयीनं सुरू झाले, मग थांबले. "जातो बाई, जातो. इथे डेकवाला मीच."

मला राहवेना. "चीफ, एक विचारू? खरं सांगायचं. ती ट्रेडमिल तुम्हाला खरंच ओळखू आली नव्हती?"

पलीकडे नुसता पाऊस.

"काय म्हणालीस? मोठ्यानं बोल गं! कौलांवर एवढा पाऊस पडतोय, मला काही म्हणजे काही ऐकू येत नाहीये!"

मागचं काकूंचं हसू मात्र मला चांगीत, एवढ्या लांब, स्वच्छ ऐकू आलं.